गंज आणि झीज

गेल्या श्रावणातली गोष्ट. ओळखीतले एक तरुण गृहस्थ घरी आले. कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत. त्यांना एक छंद आहे. कोणी तिकिटे जमवतो, कोणी नाणी जमवतो. हे जुन्या हत्यारांच्या पेट्या जमवतात. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जावयाचे, भंगारातून एखादी गंजलेली पत्र्याची, नाहीतर सांधे खिळखिळे झालेली सागवानी पेटी हुडकावयाची, घासाघीस करून घरी आणावयाची, आणि मग महिना-दीड महिना तिच्यामागे लागून तिला पुन्हा माणसांत आणावयाची. हात चांगला आहे त्यांचा. मी पाहिल्या आहेत त्यांच्या पेट्या.

ते म्हणाले, “गुरुजी, एक कोडे पडले आहे. एक पेटी मिळाली, बहुधा गिरणीतल्या एखाद्या फिटरची. झाकणाच्या आतल्या अंगाला त्याने खिळ्याने आपले नाव कोरले आहे. खाली काही आकडे आहेत, पगाराचे का उसनवारीचे कोण जाणे. एक गिऱ्हाईक आले आहे. ते म्हणते, हे सगळे घासून काढा, रंग द्या, पेटी कोरी करकरीत दिसली पाहिजे; दुप्पट पैसे देतो. काढू का ठेवू? आणि दुसरे असे, की घरात आता चाळीस पेट्या झाल्या. आमची मंडळी म्हणते, हा लोभ आहे. मी म्हणतो, ही एक प्रकारची सेवा आहे. खरे काय ते तुम्ही सांगा.”

शाळेत पस्तीस वर्षे शिकवलेला मी. विचारल्याबरोबर उत्तर देण्याची खोड जात नाही. चटकन म्हणालो, “नाव ठेवा, लोभ सोडा.” ते हसले, चहा घेतला आणि गेले. पण ते गेल्यावर माझे मन काही ठिकाणावर राहीना. कारण माझ्याच घरात माळ्यावर एक पेटी होती, आणि तिचा हिशेब मी कोणालाच दिलेला नव्हता. तेव्हा हा लेख त्या गृहस्थांसाठी थोडा, आणि माझ्यासाठी जास्त आहे.

आधी पेटी म्हणजे काय ते पाहू. हातावर पोट असणाऱ्या माणसाचे पोट जिच्यात असते, ती पेटी. सुताराची पेटी, न्हाव्याची धोकटी, चांभाराची रापी-आरीची पिशवी, गवंड्याची थापी आणि ओळंबा ठेवण्याची पाटी, हे सगळे एकाच कुळातले. अडचणीच्या वेळी माणूस घरातली भांडी मोडतो, बायकोच्या अंगावरचे डाग काढतो, पण पेटीला हात लावीत नाही. पेटी गेली की उद्याचे काम गेले. म्हणून पूर्वीचा कारागीर आपली पेटी आपल्या हाताने बांधी आणि तिच्यावर आपले सगळे कसब खर्ची घाली. कामाला बोलावणारा यजमान आधी पेटीकडे बघे आणि मग माणसाकडे.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तेथे गर्स्टनर नावाच्या घराण्याने १९०६ सालापासून फिटर-टर्नर लोकांसाठी लाकडी पेट्या करावयास घेतल्या. लहान लहान खण, आत मऊ कापडाचे अस्तर, आणि मधला एक खण मुद्दाम एका पुस्तकाच्या मापाचा. यंत्रकामाचा जो मोठा हाताशी ठेवावयाचा ग्रंथ तिकडे १९१४ साली प्रथम निघाला, तो त्या खणात बरोबर बसावा अशी योजना. म्हणजे हत्यारांच्या शेजारी पोथीला जागा! ह्या जुन्या पेट्या हुडकून नीट करणारी हौशी माणसे आज त्या देशात पुष्कळ आहेत.

इंग्लंडात आणखी एक चाल होती. लाकडी रंध्याच्या पुढच्या तोंडावर मालक आपल्या नावाचा ठसा मारी. तो म्हातारा झाला, रंधा दुसऱ्याच्या हाती गेला, की नवा मालक जुन्या ठशाच्या वर किंवा खाली आपला ठसा मारी. तीन-तीन, चार-चार नावे असलेले रंधे आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळतात. पहिल्याचे नाव पुसट, दुसऱ्याचे त्याहून ठळक. पण आपले नाव घालण्यासाठी आधीचे तासून टाकण्याचे त्यांना कारण वाटले नाही. जागा सगळ्यांना पुरली.

आता त्या गृहस्थांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. काय काढावे आणि काय ठेवावे?

जुनी पेटी समोर आली म्हणजे अननुभवी माणसाला सगळीच खराबी दिसते. पण थोडे जवळ जाऊन बघावे. तिच्यात दोन निराळ्या गोष्टी असतात. एक गंज आणि दुसरी झीज.

गंज म्हणजे काय? हवा आणि ओल ह्या दोघी मिळून लोखंड खातात व त्याचा तांबूस भुगा करतात. हा भुगा मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो व त्याचा पापुद्रा सुटतो. पापुद्रा सुटला की खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि तेही खाल्ले जाते. गंज आपणहून थांबत नाही. एवढे लोखंड खाल्ले, आता पुरे, असे त्याला कधी वाटत नाही. आणि जे गेले ते परत येत नाही. गंज काढला म्हणजे लोखंड भरून आले असे होत नाही; उरलेले वाचले, एवढेच.

झीज निराळी. हातोडीच्या दांड्याला अंगठ्याने पडलेला खळगा, करवतीच्या मुठीवर तळव्याच्या घामाने आलेली झिलई, पेटीच्या कडीखाली वर्षानुवर्षे कडी आपटून झालेला खड्डा, धार लावून लावून निम्मी उरलेली पटाशी, ही झीज. गंज कोणाच्याही पेटीवर सारखाच चढतो. त्यावरून मालक ओळखता येत नाही. झिजेवरून मालक ओळखता येतो. तो डावखुरा होता का, त्याचा हात मोठा होता का लहान, तो हातोडी टोकाशी धरी का मध्यावर, हे सगळे लाकडावर लिहिलेले असते. हात लावला की वाचता येते.

तेव्हा पेटी नीट करावयाची म्हणजे गंज काढावयाचा आणि झीज राखावयाची. बोलणे सोपे आहे, पण करताना दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणूनच ह्या कामाला धीर लागतो. जाणती माणसे काय करतात पाहा. आधी पेटी रिकामी करून नुसती झाडतात, पुसतात, आणि कोणता डाग कशाचा ते बघत बसतात. मग गंजलेले लोखंड रॉकेलने ओले करून घासतात, किंवा रात्रभर शिरक्यात बुडवून ठेवतात. शिरक्याचे आम्ल गंज सोडवते; पण नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करून तेलाचा हात दिला नाही, तर घटकाभरात पुन्हा तांबूस झाक येते. लाकडाला पातळ जवसाचे तेल पाजतात. पूर्वीच्या उत्तम पेट्यांना स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेची झिलई असे, आणि युरोपात जाणारी ती लाख पुष्कळशी आपल्याच देशातल्या रानांतून जाई. ती झिलई मंद झाली असली तरी खरवडून काढीत नाहीत. स्पिरिट आणि थोडी नवी लाख घेतली की जुनीच पुन्हा जागी होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगून ठेवतो. जुन्या रंगात पुष्कळदा शिसे असते. तो रंग कोरडा घासू नये, त्याची धूळ पोटात जाणे वाईट, आणि लेकरांना तर फारच वाईट. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवावी, नाहीतर पाण्यात बुडवावी. चांगले काम करताना घर जळले, असे व्हावयास नको.

संग्रहालयांतल्या जाणकारांचे दोन नियम मला फार आवडले. एक, लागेल तेवढेच करावे. दुसरा, जे कराल ते पुढच्या माणसाला उलटवता आले पाहिजे. म्हणजे आपल्यानंतर आपल्याहून शहाणा कोणी येईल हे आधीच धरून चालावयाचे. ह्या दोन नियमांपुढे त्या फिटरच्या नावाचा निकाल आपोआपच लागतो. नाव घासून काढले की ते उलटवता येत नाही. शिवाय खिळ्याने कोरलेले नाव म्हणजे गंज नव्हे. ज्या दिवशी त्या माणसाला वाटले की ही पेटी माझी, त्या दिवसाची ती खूण आहे. दुप्पट पैशांसाठी ती पुसणे म्हणजे मेलेल्या माणसाच्या मुठीतून त्याची एकुलती एक वस्तू काढून घेणे होय.

इथपर्यंत माझे उत्तर बरोबर होते. आता कोणी शंका घेईल, की मग सर्वांत चांगली पेटी कोणती? जी जशीच्या तशी शाबूत राहिली, एकही हत्यार न हरवता, एकही ओरखडा न पडता, ती ना? मीही आजवर तसेच समजत होतो. पण जगातल्या नामांकित पेट्यांच्या हकिकती वाचल्या आणि मी विचारात पडलो.

इंग्लंडात केंट परगण्यात चॅटम नावाचे गाव आहे. तेथे जोसेफ सीटन नावाचा कपाटे-मेजे करणारा कारागीर होता. त्याने आपला मुलगा बेंजामिन ह्याच्यासाठी १७९६ च्या डिसेंबरात लंडनच्या व्यापाऱ्याकडून हत्यारांचा पुरा संच घेतला. बापाने मुलाला दिलेला केवढा आशीर्वाद! मुलानेही तो डोक्यावर घेतला. १७९७ च्या जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राबून त्याने ती हत्यारे ठेवण्यासाठी पेटी बांधली. बाहेरून साधी, आत मात्र उंची लाकडांचे असे नाजूक काम, की बघत राहावे. प्रत्येक हत्याराला त्याची त्याची जागा. आणि प्रत्येक हत्यार किमतीसह यादीत उतरवले. ती पेटी, ती हत्यारे आणि ती यादी रॉचेस्टर गावच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे. त्या काळचा कारागीर काय वापरी हे जाणून घ्यावयाचे तर अभ्यासक त्या पेटीकडे जातात. तिच्यासारखी दुसरी नाही.

पण ती टिकली का? सरळ उत्तर असे, की हत्यारे फारशी वापरलीच गेली नाहीत. बेंजामिन त्या पेटीवर जन्मभर राबला असता, तर करवतींचे दाते घासून घासून गेले असते, पटाश्या आखूड झाल्या असत्या, काही हत्यारे शागिर्दांनी नेली असती, आणि आज आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसते.

दुसरी हकिकत जहाजाची. आठव्या हेन्री राजाचे ‘मेरी रोज’ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ बुडाले. सुमारे ५०० माणसे होती. वाचली ती ३५ देखील नव्हती. ते जहाज ११ ऑक्टोबर १९८२ रोजी समुद्राच्या तळातून वर काढले. त्यावर सुतारांची खोली होती, आणि तीत त्यांच्या पेट्या व हत्यारे सापडली. चिखलाने लाकूड सांभाळले, पण लोखंड बहुतेक गंजून गेले. रंध्याचे ठोकळे राहिले, पाती गेली. मुठी राहिल्या आणि त्या धरणारे हातही गेले.

तिसरी स्वीडन देशातली. गोटलंड बेटावर एक दलदल सुकवून शेत केले होते. १९३६ साली त्या शेतात नांगर कशाला तरी अडकला. पाहतात तो ओक लाकडाची पेटी, लोखंडी साखळीसकट. आत-बाहेर मिळून दोनशेंवर वस्तू, लोहाराच्या आणि सुताराच्याही. सुमारे हजार वर्षांपूर्वीची ती पेटी. आज ती स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे आणि लोक तिकीट काढून बघतात. पण ज्याची ती होती, त्याच्या घरी त्या दिवशी काय झाले असेल? पेटी पाण्यात गेली आणि हाती लागली नाही, एवढे तर उघडच आहे. त्या रात्री त्याच्या घरची चूल पेटली का, हे संग्रहालय सांगू शकत नाही.

म्हणजे पाहा, जी पेटी शाबूत राहिली ती एक तर न वापरल्यामुळे, नाहीतर मालकावर घाला पडल्यामुळे. जी जन्मभर पुरेपूर राबली, ती आज कोठेच नाही. ती घराघरांच्या दारांत, खिडक्यांत, पाळण्यांत, बैलगाड्यांच्या चाकांत वाटली गेली. जपानात कोबे शहरी १९८४ साली सुतारी हत्यारांचे खास संग्रहालय उघडले, ते ह्याच काळजीने. चांगले हत्यार धार लावता लावता आखूड होत जाते आणि शेवटी संपते. मग उत्तम हत्यार पुढच्या पिढीला दाखवावयाचे कसे? वाईट हत्यार मात्र कोपऱ्यात पडून राहते आणि दीर्घायुषी होते.

असो. आता माळ्यावरच्या पेटीची हकिकत.

आमचे वडील सुतार. कऱ्हाडच्या बाजूला आमचे गाव. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांची पेटी सागवानी, बाभळीच्या मुठींची हत्यारे, आणि एक शिसवी रंधा. हा रंधा त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिलेला. त्याच्या अंगावर उस्तादांच्या नावाचे पहिले अक्षर कोरलेले होते, आणि त्याखाली दादांनी आपले अक्षर कोरले होते. मला शिकवून मास्तर करावयाचे त्यांच्या मनात होते, तसे त्यांनी केले. मी रंधा कधी धरला नाही. दादा १९८१ साली वारले. पेटी माझ्याकडे आली आणि मी ती माळ्यावर ठेवली.

दर खंडेनवमीला मी ती खाली काढीत असे. पुशीत असे, हळदकुंकू लावीत असे, झेंडूचे फूल वाहत असे, मुलांना पाया पडावयास सांगत असे. आणि पुन्हा माळ्यावर. उघडीत मात्र नसे. उघडले की दादांचा वास येई आणि मला रडू येई, हे एक कारण. दुसरे कारण असे, की उघडून करावयाचे काय?

साधारण १९९४ साल असेल. दादांच्या हाताखाली जन्मभर काम केलेल्या एका गड्याचा नातू माझ्याकडे आला. सतरा-अठरा वर्षांचा पोर. सुतारकाम शिकत होता. घरची परिस्थिती ओढगस्तीची. आजा-बापाची हत्यारे दुष्काळात विकली गेलेली. दारात उभा राहून म्हणाला, “गुरुजी, दादांचा रंधा तेवढा द्याल का? वापरतो आणि नीट ठेवतो. आजा सांगायचा त्या रंध्याबद्दल.” मी काय म्हणालो? मी म्हणालो, “बाळ, ती आमच्या वडिलांची आठवण आहे. ती हात लावण्याची वस्तू नाही.” पोराने मान डोलावली. पेटी ठेवली होती त्या माळ्याकडे पाहून हात जोडले आणि गेला. त्याने हात जोडले ह्याचे तेव्हा मला कौतुक वाटले होते. आपली भक्ती पोरालाही पटली, असे वाटले होते!

ते तरुण गृहस्थ येऊन गेल्यावर खंडेनवमी आली. पेटी खाली काढली, पण ह्या खेपेला फूल बाजूला ठेवले आणि झाकण उघडले. काय सांगू? वासही उरला नव्हता. कौलातून कधीतरी पाणी झिरपले असावे. पटाश्या तांबूस भुग्यात बसलेल्या. करवतीचे पाते चाळणीसारखे झालेले. रंध्याचे लाकूड धड होते, दोन्ही अक्षरे धड होती, पण पात्याला धारेपर्यंत गंजाचे खड्डे पडले होते. चाळीस वर्षे मी त्या पेटीची पूजा केली, आणि चाळीस वर्षे गंज तिला आतून खात होता. माझ्या हळदकुंकवाचा त्याला काही अडथळा झाला नाही.

संत सेना महाराजांची कथा आपल्या वाचकांना सांगावयास नको. राजाचे बोलावणे आले, सेना पूजेत होते, आणि पांडुरंग त्यांचे रूप घेऊन धोकटी काखेला मारून राजवाड्यात गेला. ही कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. राजाला वाटीत काय दिसले ह्याकडे लक्ष जाई, धोकटीकडे कधी गेले नाही. त्या दिवशी गेले. देवाने भक्ताच्या धोकटीवर फूल वाहिले नाही. त्याने ती उचलली आणि तो कामाला गेला. हत्याराचा मान कसा ठेवावा हे एवढ्यात आले, आणि मला ते पंचाहत्तराव्या वर्षी कळले.

खंडेनवमीला हत्यारे पुजू नयेत असे मी म्हणत नाही. पण ती रीत राबणाऱ्या माणसांनी घातली. वर्षभर ज्यांनी आपल्याला पोसले त्या हत्यारांना एक दिवस विसावा द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाती घ्यावी. पूजेच्या आधी काम आहे आणि पूजेच्या नंतरही काम आहे. मी मधला एक दिवस ठेवला आणि दोन्ही बाजूंचे वर्ष कापून टाकले.

आता त्या गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाला मी हात घालू शकतो. पेट्या जमवणे लोभ का सेवा?

येथे एकच बाजू धरून चालणार नाही. भंगारवाल्याकडची पेटी कोणी उचलली नाही, तर लोखंड भट्टीत जाईल आणि लाकूड चुलीत जाईल. जो ती उचलतो तो एका नामशेष होऊ घातलेल्या माणसाला वाचवतो. बेंजामिन सीटनची पेटी आणि यादी कोणी जपली नसती, तर त्या काळच्या कारागिराचे पुष्कळसे ज्ञान आज अंधारात असते. तेव्हा जपणे हेही काम आहे. काही पेट्या जपल्याच पाहिजेत, जशाच्या तशा, नावासकट. सगळ्याच वापरून संपवा म्हणणारा अर्धेच सत्य सांगतो.

पण जपणारा आणि साठवणारा ह्यांत फरक आहे, आणि तो पेट्यांच्या संख्येत नाही. चाळीस पेट्या असूनही माणूस निर्लोभी असेल, आणि एकाच पेटीचा लोभ असू शकतो. मीच त्याचा दाखला आहे. माझ्या मते पारख अशी करावी. कोणी येऊन म्हणाला, “हे मला कामाला हवे आहे,” तर आपल्या पोटात काय होते ते बघावे. आनंद झाला तर आपण राखणदार आहोत. गोळा आला तर आपण मालक होऊन बसलो आहोत, आणि मग ‘आठवण’, ‘वारसा’, ‘भक्ती’ असली चांगली चांगली नावे आपण त्या गोळ्याला देतो. माझ्या पोटात त्या दिवशी गोळा आला होता. मी त्याला वडिलांची आठवण म्हटले.

इंग्लंडात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’ नावाच्या संस्थेने एक चांगला मार्ग घातला. लोकांच्या घरांत पडलेली वाडवडिलांची हत्यारे मागून आणावयाची, फुरसतीच्या वेळी मंडळींनी जमून गंज काढावयाचा, धार लावावयाची, नव्या मुठी बसवावयाच्या, आणि सुताराचा, लोहाराचा, शिंप्याचा असे संच बांधून आफ्रिकेतल्या गरीब कारागिरांकडे धाडावयाचे. कोणा इंग्रज आजोबांची करवत टांझानियातल्या एखाद्या सुताराच्या हाती गेली, तर आजोबांची आठवण कमी झाली का? मला तर वाटते, ती वाढली. आता ती आठवण रोज सकाळी उठून कामाला जाते.

आता शेवट सांगतो. मी त्या पोराचा पत्ता काढला. पोर कसला, आता पन्नाशीच्या घरात आला आहे. तालुक्याच्या गावी स्वतःचे दुकान आहे, विजेची यंत्रे आहेत, हाताखाली चार मुले आहेत. मी रंधा फडक्यात गुंडाळून घेऊन गेलो. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, पाते सोडवून उजेडाकडे धरले, आणि म्हणाला, “गुरुजी, हे पाते आता धार धरणार नाही. लाकूड मात्र झकास आहे. नवे पाते घालू.” मी म्हणालो, “तेव्हा तुला दिला नाही, ते चुकले माझे.” तो हसला. मला बरे वाटावे म्हणून म्हणाला, “जाऊ द्या हो. तेव्हा दिला असतात तर आजवर झिजून संपून गेला असता.”

तो समजूत घालत होता. पण मी घरी येईपर्यंत तेच वाक्य मनात घोळवीत होतो. झिजून संपून गेला असता! त्या रंध्याने तीस वर्षे किती दारे, किती पाट, किती पाळणे गुळगुळीत केले असते? ते सारे मी माळ्यावर ठेवले होते.

रंध्याला आता नवे पाते बसले आहे. त्याच्याकडे शिकणारा एक मुलगा तो वापरतो. यंत्र पोचत नाही अशा कडाकोपऱ्याला अजून हाताचा रंधाच लागतो. दादांच्या अक्षराखाली जागा मोकळी आहे. तेथे आपले अक्षर कोरू का, असे त्या मुलाने उस्तादाला विचारले. उस्ताद म्हणाला, “आधी दहा वर्षे राब, मग कोर.” मला हे फार आवडले.

त्या गृहस्थांना मी पुन्हा बोलावून घेतले आणि उत्तर दुरुस्त करून दिले. नाव राहू द्या, आकडेही राहू द्या. गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्या. गंज तेवढा काढा, झिजेला हात लावू नका. चाळीसांतल्या ज्या दोन-चार पेट्या अपूर्व आहेत त्या हकिकत लिहून जपा, आणि बाकीच्यांची झाकणे उघडी ठेवा. कोणी राबणारा दारात आला तर त्याला मागावे लागू नये.

आणि वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर येत्या खंडेनवमीची वाट पाहू नका. आजच खाली काढा आणि झाकण उघडून आत बघा.